माडीवरचा बँड

बँड म्हटला कीं माझ्या वयाच्या नागपूरकराच्या डोळ्यांपुढें लाल कोट आणि सोनेरी झुबके घालून वरातीपुढें चालणारी मंडळी उभी राहतात. त्या बँडांतला क्लॅरिनेटवाला कालचाच होता कीं दुसरा कोणी होता, याची चौकशी कोणी करीत नाहीं. नवरदेव घोड्यावर बसला आणि ओळखीचें गाणें वाजलें कीं काम झालें. परंतु गेलीं कांहीं वर्षें माझ्या धरमपेठेंतील घराच्या माडीवर जो बँड नांदतो आहे तो निराळ्या जातीचा आहे. त्याला रॉक बँड म्हणतात. त्यांतला एक माणूस गेला कीं बाकीच्यांचीं तोंडें घरांत सुतक असल्यासारखीं होतात; आणि या प्रकाराला त्यांनीं ‘लाइन-अप बदलणें’ असें मोठें रुक्ष नांव दिलें आहे.

हा बँड स्थापन कसा झाला तें मीं जवळून पाहिलें आहे. कारण त्याचे मूळपुरुष आमचेच चिरंजीव. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असतांना शिकवण्यांच्या पैशांतून त्यानें एक जुना ड्रम-सेट विकत घेतला. लहानमोठे पांच ढोल, तीनचार झांजा आणि त्यांच्या लोखंडी घोड्या असा तो संसार जिन्यांतून वर चढवितांना दोनदां अडकला आणि भिंतीचा गिलावा घेऊन सुटला. त्यानंतर आठपंधरा दिवसांतच बाकीची मंडळी जमूं लागली. गिटार वाजविणारीं मुलें नागपुरांत गल्लोगल्लीं आहेत. गिटार पाठीला अडकवून स्कूटरवर कुठेंहि जातां येतें. ड्रम-सेटाला तें सुख नाहीं. तो ज्याच्या घरीं, तालीम त्याच्या घरीं. आणि तालीम जिथें, बँड तिथें. विहिरीभोंवतीं वस्ती व्हावी तसा हा बँड त्या ढोलांभोंवतीं वसला. गाणारा आला, दोन गिटारवाले आले, त्यांतला एक तर अजून अकरावींत होता, आणि पुष्कळ शोधाअंतीं खर्जाची गिटार वाजविणारा आला. या खर्जवाल्याचें वाद्य मैफलींत कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तें थांबलें म्हणजे मात्र गाण्याच्या पायाखालची जमीन गेल्यासारखें वाटतें. म्हणूनच कीं काय, तें शिकायला फारसें कोणी तयार होत नाहीं.

मंडळी जमली, पण टिकायची कशी? आमच्या गांवांत अशा बँडाचें आयुष्य विद्यापीठाच्या पंचांगावर ठरतें. दुसऱ्या वर्षीं जमावें, तिसऱ्या वर्षीं महाविद्यालयांच्या संमेलनांतून वाजवावें, चौथ्या वर्षीं नोकरीचें पत्र यावें आणि जूनमध्यें पुण्याची किंवा बंगळूरची गाडी धरावी. भांडणानें फुटलेल्या बँडांच्या हकीकती मीं वाचल्या आहेत. आमच्या माडीवरचा बँड पेढे वांटून फुटतो. आधीं गाणारा गेला. पुढच्या जूनमध्यें मोठा गिटारवाला आणि खर्जवाला असे दोघे एकदम गेले. आणि त्याच महिन्यांत महाराष्ट्र एक्सप्रेसनें आमचे चिरंजीवहि पुण्यास गेले. ड्रमच्या दोन काड्या त्यानें कपड्यांत गुंडाळून बरोबर नेल्या. ढोल नेणें शक्यच नव्हतें. चौघांत मिळून एक खोली. तेथें कपाटाला जागा नाहीं, तर ढोलांना कोठून असणार?

त्या रात्रीं स्टेशनवरून परत आल्यावर मी माडीवर गेलों नाहीं. सौभाग्यवतींनीं जाऊन ढोलांवर एक जुनें लुगडें घातलें. चार दिवसांनीं तो अकरावीवाला, आतां कॉलेजांत जाऊं लागलेला, दाराशीं येऊन उभा राहिला. ‘‘काका, किल्ली देता का? एक नवीन पोरगा यायचं म्हणून राहिला ड्रम वाजवायला.’’ ज्या बँडांत आपला मुलगा नाहीं त्याला आपली माडी कां द्यावी, हा प्रश्न माझ्या मनांत आला नाहीं असें नाहीं. मीं पुण्यास फोन केला. ‘‘द्या ना, बाबा,’’ चिरंजीव म्हणाले, ‘‘मी येईपर्यंत त्यांनी काय करायचं?’’ येणार कधीं तें त्यानें सांगितलें नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. मीं किल्ली दिली.

तेव्हांपासून, माणसें बदलत गेलेल्या मंडळींचे इतिहास वाचण्याचा मला छंद लागला. आपल्याकडे हें कांहीं नवें नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें आणि पांचच वर्षांनीं ते वारले. १९०१ सालीं भाऊराव कोल्हटकर गेले. १९०५ सालीं आलेले बालगंधर्व १९१३ सालीं बाहेर पडले आणि त्यांनीं स्वतःची मंडळी काढली. तरी किर्लोस्कर मंडळी चाललीच, आणि लौकरच तिला दीनानाथ मिळाले. विलायतेंतली एक हकीकत याहून मौजेची आहे. १९६७ सालीं लंडनमध्यें पीटर ग्रीन या नामांकित गिटारवाल्यानें बँड काढला आणि त्याला नांव दिलें तें आपलें नव्हे. ड्रमवाला मिक फ्लीटवुड आणि खर्जवाला जॉन मॅकव्ही यांच्या आडनांवांवरून ‘फ्लीटवुड मॅक’ असें दिलें. १९७० सालीं ग्रीन निघून गेला. मागें बसणारे राहिले आणि बँडहि राहिला. ही गोष्ट वाचून, एका ड्रमवाल्याचा बाप या नात्यानें, मला फार बरें वाटलें.

पण मुंबईच्या बँडानें माझें हें समाधान फार दिवस टिकूं दिलें नाहीं. १९८४ सालीं तेथें ‘रॉक मशीन’ निघाला. १९९३ सालीं त्याचा ‘इंडस क्रीड’ झाला. म्हणजे माणसेंच काय, दारावरची पाटीहि बदलली. १९९७ सालीं तो मोडला. तेरा वर्षांनीं, २०१० सालीं, गिटारवाले महेश तिनईकर, गायक उदय बेनेगल आणि की-बोर्डवाले झुबीन बालापोरिया हे तिघे जुने पुन्हां एकत्र आले, तेव्हां खर्जाला रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी असे दोघे नवे होते. येथें पुढची बाजू राहिली आणि मागचीच बदलली! पण मला विशेष वाटलें तें निराळेंच. जुनींच गाणीं आळवीत न बसतां या पांचांनीं २०१२ सालीं ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा संग्रह काढला. नव्या माणसाकडून जुनीं गाणीं वाजवून घेणें हें कारकून नेमण्यासारखें आहे. त्याला घेऊन नवें गाणें बांधलें म्हणजे तो घरचा होतो.

आमच्या माडीवर मात्र या दोहोंच्या मधलेंच कांहीं तरी घडलें. या गाण्यांना स्वरलिपि नाहीं. मोबाइलवर घेतलेलीं जुन्या तालमींचीं ध्वनिमुद्रणें हीच त्यांची पोथी. नवा मुलगा ती पोथी कानाला लावून आठ दिवस हिंडतो आणि मग वाजवून दाखवितो. आमच्या चिरंजिवांच्या काळीं, पारा ४५ अंशांवर गेलेला असतां, मे महिन्याच्या एका दुपारीं या मंडळींचें स्वतः बांधलेलें एकुलतें एक गाणें मुद्रित होत होतें. मध्येंच वीज गेली. गिटारी आणि ध्वनिक्षेपक सारे मुके झाले. ढोलाला विजेची गरज नाहीं. तो एकटाच आठ मात्रा वाजत राहिला. तेवढ्यांत वीज परत आली आणि गिटारी पुन्हां आंत शिरल्या. पुढें आलेल्या मंडळींनीं हा प्रकार रचनेचाच भाग समजून पाठ केला. अकरावीवाल्याला खरी गोष्ट ठाऊक होती, पण तो बोलला नाहीं. त्याला ती जागा आवडली असावी. आतां वीज चालू असतांहि, नेमक्या त्याच ठिकाणीं, चौघे हात आंखडून घेतात आणि ड्रमवाला एकटा आठ मात्रा वाजवितो. मला विचाराल तर साऱ्या गाण्यांत तेवढीच जागा सुंदर आहे. बाकीचा बराचसा भाग गोंगाट आहे, असें माझें मत मीं त्यांच्यापासून लपविलेलें नाहीं.

गेल्या दिवाळींत चिरंजीव चार दिवस घरीं आले. वर तालीम चालली होती. आम्ही दोघे जिन्यावर बसलों होतों. ती जागा आली आणि त्यानें दचकून वर पाहिलें. ‘‘लाइट गेली का?’’ दिवाणखान्यांतला पंखा फिरत होता. मग त्याच्या ध्यानांत आलें. त्यानें गुडघ्यावर बोटांनीं मात्रा मोजल्या. ‘‘शेवटच्या दोन तो वेगळ्याच वाजवून राहिला,’’ तो म्हणाला. आणि थोड्या वेळानें, ‘‘बऱ्या वाटतात.’’ तालीम संपल्यावर नव्या ड्रमवाल्यानें मोठ्या अदबीनें काड्या पुढें केल्या. यानें त्या हातांत घेतल्या, वजन पाहिलें आणि परत दिल्या. मग सौभाग्यवतींनीं तर्री-पोह्यांच्या बशा आणल्या आणि तो विषय तेवढ्यावर राहिला.

पहिल्या संचांतला अखेरचा माणूस, तो अकरावीवाला, या जूनमध्यें हैदराबादला जाणार आहे. पेढ्यांची ऑर्डर गेली असेल. तो गेला म्हणजे मूळ बँडापैकीं माडीवर ढोलांखेरीज कांहीं उरणार नाहीं. काल दुपारीं एक मुलगा फाटकाशीं आला. पाठीवर गिटार, अंगावर घामाच्या धारा. ‘‘काका, बँड इथंच असतो का?’’ मीं त्याला जिना दाखविला, आणि वरच्या कूलरांत पाणी नसेल तें आधीं भर, म्हणून सांगितलें.