नुमाझूच्या मासळी बाजारातला छोटा पब

जपानला जाणारे बहुतेक भारतीय प्रवासी टोकियो, क्योतो आणि ओसाका अशी तीन शहरं करून परततात. टोकियो आणि क्योतोच्या मधली गावं शिनकानसेनच्या खिडकीतून झर्रकन मागे पळतात. सगळ्यांचं लक्ष फुजी पर्वत कधी दिसतो याकडे असतं. त्याच पट्ट्यात, शिझुओका प्रांतात, सुरुगा उपसागराच्या काठावर नुमाझू नावाचं एक मासेमारीचं गाव आहे. मिशिमा स्टेशनवर उतरायचं, साध्या लोकलने एकच स्टेशन पुढे जायचं आणि तिथून बस पकडून बंदरावर पोहोचायचं. टोकियोहून निघालं की दीड-पावणेदोन तासांत तुम्ही समुद्राजवळ असता.

माझा धाकटा दीर योकोहामात नोकरीला आहे. गेल्या वर्षी नवरा, तेरा वर्षांची लेक आणि सासूबाई असे आम्ही चौघं बडोद्याहून त्याच्याकडे गेलो होतो. नुमाझू त्यानेच सुचवलं. "वहिनी, लेकीला मत्स्यालय दाखवू, आईला बंदर दाखवू आणि दादाला एक छोटा पब दाखवू," तो म्हणाला. तिसरं वाक्य ऐकताच आईंचा चेहरा बदलला, पण त्या काही बोलल्या नाहीत.

बंदर म्हणजे बाजारच

सुरुगा उपसागर हा जपानमधला सर्वांत खोल उपसागर. त्याची खोली सुमारे अडीच हजार मीटर आहे. त्यामुळे इथे रोजच्या मासळीबरोबर खोल पाण्यातले विचित्र जीवही मिळतात. लांबलचक पायांचे कोळी-खेकडे इथलेच. बंदराच्या कडेला खास खोल समुद्रातल्या जीवांसाठी बांधलेलं एक मत्स्यालय आहे, ते २०११ मध्ये सुरू झालं. सीलाकँथ या अतिप्राचीन माशाचे गोठवून ठेवलेले नमुने तिथे पाहायला मिळतात. आमची लेक त्या काचेसमोरून अर्धा तास हलली नाही.

बाहेर रांगेने मासळीची दुकानं. नुमाझूची ओळख म्हणजे 'हिमोनो'. 'आजी' नावाचा मासा मधोमध चिरून पुस्तकासारखा उघडतात, मिठाच्या पाण्यात बुडवतात आणि वाळवतात. मग तो निखाऱ्यावर भाजून गरम भाताबरोबर खायचा. आईंचं माहेर रत्नागिरीचं. जाळ्यांवर ओळीने वाळत घातलेले मासे पाहून त्या थांबल्याच. "अगं, हे तर आपल्या सुक्या बोंबलांचंच खळं," त्या म्हणाल्या. भाषा कळत नसतानाही दुकानदारीणबाई आणि त्या दोघी हातवारे करत पाच मिनिटं बोलत होत्या.

बंदराच्या तोंडावर 'ब्यूओ' नावाचं एक प्रचंड दार आहे. त्सुनामी आली तर समुद्राचं पाणी आत घुसू नये म्हणून ते बांधलं. वर सुमारे ३० मीटर उंचीवर चालायला मार्गिका आहे. हवा स्वच्छ असेल तर तिथून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला फुजी दिसतो.

तीस लिटरच्या भांड्यापासून

याच बंदरावर, वरच्या मजल्यावर 'नुमाझू फिशमार्केट टॅपरूम' आहे. ब्रायन बेअर्ड हे अमेरिकन गृहस्थ आणि त्यांच्या जपानी पत्नी सायुरी यांनी २००० साली तो सुरू केला. ब्रायन यांनी बीअर बनवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, पण पदरी पैसा फारसा नव्हता. म्हणून त्यांनी सुरुवात केली ती एका वेळी फक्त ३० लिटर बीअर होईल एवढ्या भांड्यावर. आपल्याकडे लग्नाच्या स्वयंपाकाला आणतात त्या पातेल्यांपेक्षाही हे लहान.

यात एवढं विशेष काय, हे कळायला जपानचा कायदा पाहावा लागतो. १९९४ पर्यंत बीअरचा परवाना हवा असेल तर वर्षाला किमान २० लाख लिटर बीअर बनवावी लागे. अर्थातच हा धंदा आसाही, किरिन, सप्पोरो आणि सनटोरी अशा बड्या कंपन्यांच्याच हातात होता. १९९४ मध्ये ही अट ६० हजार लिटरवर आली आणि गावोगावी छोटे कारखाने निघाले. लोक त्यांच्या बीअरला 'जी-बीरू', म्हणजे गावची बीअर, म्हणू लागले. निइगाता प्रांतातला 'एचिगो' हा त्यातला पहिला मानला जातो.

पण गणित करून पाहा. ३० लिटरच्या भांड्यातून ६० हजार लिटर काढायचे तर वर्षात २,००० वेळा चूल पेटवावी लागेल. अगदी लहानांसाठी एक पळवाट होती ती 'हप्पोशू'ची. कमी माल्टच्या किंवा कायद्याच्या यादीत नसलेले पदार्थ घातलेल्या बीअरला जपानमध्ये हे वेगळं नाव आहे. त्याच्या परवान्याला वर्षाला ६ हजार लिटर पुरतात. म्हणजे ३० लिटरचे २०० घाणे, आठवड्याला जवळपास चार. इतक्या छोट्या भांड्यावर संसार चालवणं म्हणजे काय, हे या आकड्यांवरून कळतं.

पहिल्या लाटेत निघालेले बरेच कारखाने पुढे बंद पडले. पर्यटकांनी एकदा आठवण म्हणून बाटली न्यायची आणि पुन्हा घ्यायची नाही, असं झालं. बीअर महाग होती आणि चवीचा भरवसा नव्हता. जे टिकले ते चवीवर टिकले. बेअर्ड यांच्या बीअरने २०१० च्या वर्ल्ड बीअर कपमध्ये तीन सुवर्णपदकं मिळवली. आज त्यांचा मोठा कारखाना इझू द्वीपकल्पात शुझेन्जीजवळ, कानो नदीच्या काठी आहे. बंदरावरची जुनी जागा मात्र तशीच चालू आहे.

सातू, मोड आणि एक वेल

लेकीने विचारलं, "काका, बीअर कशापासून बनते?" दिराने उत्तर द्यायच्या आधी आईच म्हणाल्या, "सातूपासून." आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो.

खरं तर आपल्या घरातल्या बायकांना यातलं अर्धं काम ठाऊकच असतं. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो आणि वाळवून दळतो. मोड आले की धान्याची गोडी वाढते. सातूचं माल्ट असंच होतं. ते भरडून गरम पाण्यात ठेवलं की त्यातल्या पिठूळ भागाची साखर होऊन पाण्यात उतरते. ते गोड पाणी गाळून उकळतात आणि त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालतात. कडवटपणा आणि सुगंध येतो तो या फुलांमुळे. पाणी थंड झालं की यीस्ट घालायचं आणि आंबू द्यायचं. उरलेला चोथा वाया जात नाही, तो गुरांना चालतो.

फळ्यावरची नावं

अशा पबमध्ये भिंतीवर त्या दिवशीच्या बीअरची यादी असते. बेअर्ड यांच्या यादीतली नावं म्हणजे इतिहासाचा तासच. 'कुरोफुने पोर्टर' ही काळीभोर बीअर. कुरोफुने म्हणजे काळी जहाजं. १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी काळी जहाजं घेऊन जपानच्या किनाऱ्यावर आला आणि दोनशेहून अधिक वर्षं जगापासून अलिप्त राहिलेल्या जपानला दारं उघडावी लागली. पुढच्या वर्षी जी बंदरं खुली झाली त्यातलं शिमोदा हे याच इझू द्वीपकल्पाच्या टोकाला आहे.

'इंडिया पेल एल' हे नाव वाचून लेक चकित झाली. जपानच्या पबमध्ये आपल्या देशाचं नाव कसं? इंग्रजांच्या काळात इंग्लंडहून हिंदुस्थानात बीअर जहाजाने येई. अनेक महिन्यांच्या त्या गरम प्रवासात ती टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालत. त्या बीअरचं नाव पुढे जगभर पसरलं, बनवणारा कुठलाही असो.

इझूच्या डोंगरउतारांवर 'मिकान', म्हणजे जपानी संत्री पिकतात. त्यांची सालं आणि रस घालूनही इथे बीअर बनते. गंमत म्हणजे २०१८ पर्यंत फळ घातलेल्या बीअरला कायदा बीअर म्हणायला तयारच नव्हता. माल्ट कितीही असो, ती हप्पोशू. त्या वर्षी नियम बदलला आणि ठरावीक प्रमाणात फळं, मसाले चालू लागले. ऑक्टोबर २०२६ पासून तर बीअर आणि हप्पोशू दोन्हींवर ३५० मिलिलिटरमागे ५४.२५ येन असा सारखाच कर ठरला आहे.

आई वर आल्या

आई जिना चढून वर येतील असं मला वाटलं नव्हतं. गुजरात राज्य झाल्यापासून तिथे दारूबंदी आहे. लग्न होऊन बडोद्यात आलेल्या आईंना ती मनापासून पटलेली. त्याला कारणही आहे. त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी बेचाळिसाव्या वर्षी गेला. आमच्या घरात त्याचा फोटो आहे, पण त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. लेकीला तर एवढंच माहीत होतं की एक मामाआजोबा होते.

वर दहा-बारा टेबलं, खिडकीतून दिसणाऱ्या होड्या आणि दुपारचं ऊन. शेजारच्या टेबलावर तीन पिढ्यांचं एक जपानी कुटुंब बसलं होतं. आजोबांपुढे अर्धा ग्लास, सुनेपुढे चहा, नातवापुढे बटाट्याच्या तळलेल्या फोडी. नवरा आणि दिराने एकेक छोटा ग्लास घेतला, आम्ही बाकीच्यांनी संत्र्याचा रस. आई बराच वेळ शेजारच्या आजोबांकडे बघत होत्या. तासाभरात त्यांनी तो अर्धा ग्लास संपवला, वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि नातवाचा हात धरून ते जिना उतरले.

"इथे कुणी लपून पीत नाही," आई म्हणाल्या, "आणि कुणी कुणाला आग्रहही करत नाही. आमच्याकडे दोन्ही होतं. तो गोठ्यामागे जाऊन प्यायचा आणि आम्ही सगळे कळूनही गप्प बसायचो."

लेकीने हळूच विचारलं, "मामाआजोबा कसे होते?" आणि आई सांगत गेल्या. तो तबला छान वाजवायचा. पोहण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. भाऊबीजेला तो नेहमी उशिरा यायचा, पण यायचा. माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली, यातलं काहीच मी आधी ऐकलं नव्हतं. नवराही मान खाली घालून ऐकत होता.

उठताना त्या म्हणाल्या, "पण म्हणून माझं मत बदललं असं कुणी समजू नका." ते बदललं नाहीच, आणि आम्हीही तशी अपेक्षा केली नाही.

जपानचं सगळंच गोड नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जपानमध्ये दारूचा प्रश्न नाही असं नाही. ऑफिस सुटल्यावर साहेबांबरोबर प्यायला जायची तिथली जुनी रीत अनेकांना जाचक वाटते, आणि शेवटच्या लोकलमध्ये कोट-टाय घालून लुढकलेली माणसं आम्हीही पाहिली. पण कायदा कडक आहे. सज्ञान होण्याचं वय २०२२ मध्ये १८ वर आलं, तरी मद्याचं वय २० च ठेवलं. पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबरच त्याला गाडी देणारा, दारू देणारा आणि जाणूनबुजून शेजारी बसणारा अशा सगळ्यांना शिक्षा होऊ शकते. म्हणून गाडी भाड्याने घेतली असेल तर चालकाने एक घोटही घेऊ नये.

जाणार असाल तर

• मिशिमाला 'कोदामा' गाड्या थांबतात, 'नोझोमी' थांबत नाही. टोकियोहून जाताना उजव्या बाजूची खिडकी घ्या, फुजी त्या बाजूला दिसतो.

• बंदरावर सकाळी लवकर पोहोचा. आधी बाजार, मग मत्स्यालय, मग ब्यूओ. पबची वेळ आणि सुट्टीचा दिवस निघण्यापूर्वी तपासा.

• कारखान्याची जागा पाहायची असेल तर मिशिमाहून छोट्या खासगी रेल्वेने शुझेन्जीला जा, साधारण ३५ मिनिटं लागतात. शुझेन्जी गरम पाण्याच्या झऱ्यांसाठीही प्रसिद्ध आहे, त्यामुळे न पिणाऱ्यांचाही दिवस छान जातो.

• शाकाहारी मंडळींनी आधीच विचारावं. भाजीच्या रश्श्यात आणि थंड टोफूवरही माशाचा कीस असतो. "निकू तो साकाना नाशी दे" म्हणजे मांस आणि मासे नकोत.

• टिप ठेवायची पद्धत नाही. निघताना "गोचिसोसामा" म्हणा. आपल्या 'अन्नदाता सुखी भव'च्या जवळचं आहे ते.

एवढ्या लांब जायला जमत नसेल, तरी छोट्या भांड्यातली बीअर आपल्याला अगदीच अनोळखी नाही. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झालं, आणि जागेवर बीअर बनवणारे पब आता भारतातही आहेत. पण नुमाझूला जायचं ते फक्त बीअरसाठी नव्हे. खाली मासे वाळत असतात, वर म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन बसलेली असतात, आणि पिणारे-न पिणारे एकाच टेबलावर सुखाने तासभर बसू शकतात. आईंनी तिथल्या दुकानातून हिमोनोची दोन पाकिटं घेतली. योकोहामाला परतल्यावर रात्री भाताबरोबर त्यांनी स्वतः भाजून वाढली.