दुय्यम विषय

घरातल्या धाकट्या जावेला आणि विद्यापीठातल्या दुय्यम विषयाला सहसा कोणी विचारीत नाही. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्या माझ्या मुलीने मेंदूविज्ञान हा दुय्यम विषय घेतल्याचे कळविले, तेव्हा मीही ते हसण्यावारी नेले. थोडे जीवशास्त्र, थोडे रसायन, थोडे मानसशास्त्र आणि तोंडी लावायला भाषाशास्त्र! "हे तर खतखतं झालं," मी फोनवर म्हणालो. "खतखतंच आहे, बाबा," ती म्हणाली, "पण नुसत्या सुरणाचं खतखतं तुम्ही कधी खाल्लं आहे का?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. १८७३ साली इटलीच्या गोल्जीने चांदीच्या क्षाराने मज्जापेशी रंगविण्याची रीत काढली. तीच रीत वापरून स्पेनच्या काहालने त्या पेशींची अप्रतिम चित्रे रेखाटली; तरुणपणी त्याला चित्रकारच व्हावयाचे होते. पेशींच्या रचनेविषयी दोघांची मते परस्परविरुद्ध असूनही १९०६ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. पुढे १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी मज्जातंतूंतून धावणारा विद्युत्संदेश गणिताच्या समीकरणांत बसविला. रसायन, चित्रकला, गणित. मेंदूने कोणालाच परके मानले नाही.

हे सारे मी कौतुकाने ऐकले आणि विसरलो. २०२३ च्या पावसाळ्यात माझ्या आईला पक्षाघात झाला. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. जन्मभर कोकणीत संसार करणाऱ्या आणि रोज मराठी पोथी वाचणाऱ्या तिच्यापाशी एकच शब्द उरला: 'हय'. चहा हवा का? हय. नको का? हय. तिला काही कळत नाही, असे आम्ही ठरवून टाकले. इस्पितळाच्या कागदावर वाचोपचार लिहिलेला होता, तोही राहून गेला. तिच्या उशाशी बसूनच भावाने व मी कुळागर विकण्याची बोलणी केली.

डिसेंबरात मुलगी सुट्टीवर आली. पहिल्याच रात्री तिने लबॉर्न्य नावाच्या एका फ्रेंच माणसाची हकीगत सांगितली. पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात तो २१ वर्षे होता. त्याच्या मुखातून 'तान' याखेरीज शब्द निघत नसे. परंतु बोललेले बहुतेक सारे त्याला कळे. १८६१ साली तो वारला, तेव्हा ब्रोका या शल्यविशारदाला त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढला भाग बिघडलेला आढळला. वाचा जाणे आणि समज जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ती म्हणाली. "मी डॉक्टर नाही, बाबा. पण कोणता प्रश्न कसा विचारावा, एवढं कळू लागलं आहे."

सकाळी ती आजीजवळ बसली. "आजी, घड्याळ खंय आसा?" आईचा डावा हात हळूहळू भिंतीकडे वळला. "कुळागराचे कागद?" बोट कपाटाकडे गेले. मी दाराशी उभा होतो. मला खाली पाहावे लागले.

मग धीर करून मीच विचारले, "आई, कुळागर विकूं?"

"हय," ती म्हणाली. पण तिची मान कितीतरी वेळ नकारार्थी हलत राहिली.

सौदा मोडला. मुलगी आपल्या विद्यापीठात परत गेली. आता आठवड्यातून दोनदा मी आईला वाचोपचारासाठी फोंड्याला नेतो आणि वाटेत तिच्याशी बोलत राहतो.