जमाखर्च युरेनियमचा

अण्वस्त्रांचा चोरटा प्रसार रोखावयाचा म्हणजे बंदराच्या तोंडाशी एखादे तीक्ष्ण किरणमापक यंत्र उभे केले की काम भागले, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. वस्तुस्थिती मात्र अशी की, अतिसमृद्ध युरेनियमचे प्रमुख गॅमा किरण इतके मवाळ असतात की काही मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा त्यांना जवळजवळ पुरता अडवतो, आणि चिनीमातीच्या निरुपद्रवी फरशांनी भरलेला कंटेनर मात्र आपल्या अंगच्या थोरियम-पोटॅशियमच्या बळावर घंटा वाजवून अख्ख्या जकातखात्याची धावपळ उडवून देतो.

माझ्या मते असा प्रसार रोखण्याच्या विद्येचा कणा आहे तो जमाखर्च : कोणत्या कारखान्यात किती द्रव्य आले, किती गेले, आणि दफ्तरातील शिल्लक प्रत्यक्ष मोजदादीशी जुळते की नाही.

1972 मध्ये फ्रान्समधील पिएरलात येथील समृद्धीकरणाच्या कारखान्यात, नित्याच्या तपासणीत, युरेनियम-235 चे जे प्रमाण शेकडा 0.7202 भरावयास हवे ते 0.7171 भरले. तिसऱ्या दशांशस्थळावरील हा फरक कोणाही किराणा दुकानदाराने हसून सोडून दिला असता. परंतु ज्या द्रव्यापासून बॉम्ब होतो त्याची तूट खुलाशावाचून दफ्तरदाखल करता येत नाही. अणुभट्टीत वापरलेले युरेनियम कोठे मिसळले असावे म्हणावे, तर त्यात युरेनियम-236 चा अंश सापडावयास हवा होता, आणि तो नव्हता. मग एकेक टप्पा मागे जात तपास आफ्रिकेतील गॅबन देशाच्या ओक्लो खाणीपर्यंत पोहोचला. तेथील काही नमुन्यांत हे प्रमाण 0.44 पर्यंत उतरलेले, आणि खनिजातील निओडिमियमचे समस्थानिक अणुभंजनाची उघड साक्ष देणारे! सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी, जेव्हा युरेनियम-235 निसर्गातच शेकडा तीनांहून अधिक होते, तेव्हा भूजलाच्या साहाय्याने त्या खडकांत शृंखला विक्रिया आपोआप चालू झाली होती. या हकिकतीतील भूशास्त्रीय अद्भुत पुष्कळांना भुरळ घालते. मला त्या प्रयोगशाळेचा हट्ट अधिक भावतो.

अर्थात हट्टालाही मर्यादा आहेत. जपानमधील रोक्काशो येथील पुनःप्रक्रिया कारखान्याची आखणी वर्षास सुमारे 8 टन प्लुटोनियम वेगळे काढण्याच्या हिशेबाने झाली. मापनात शेकडा एक इतकी चूक धरली तरी ती 80 किलो होते, आणि एका बॉम्बच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था जे परिमाण दखलपात्र मानते ते अवघे 8 किलोंचे. म्हणूनच खतावणीच्या जोडीला मोहरबंद कुलपे, अहोरात्र जागे कॅमेरे आणि भिंतीवरची धूळ टिपणारे सुती फडके यांची योजना करावी लागते. 2003 मध्ये इराणमधील नातान्झ येथे अशाच फडक्यांवर अतिसमृद्ध युरेनियमचे कण सापडले, जे इराणच्या जाहीर हिशेबात कोठेच नव्हते. त्यांतील बरेचसे कण पाकिस्तानातून आलेल्या यंत्रभागांबरोबर तेथे आले असावेत, असे पुढील चौकशीत दिसून आले.