नियम, साखर आणि संध्याकाळचं चालणं



मंदिरात भेटल्यावर तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी विचारलं, "ताई, तुम्ही तर अनवाणी यायच्या, आता हे बूट कसे?" आज त्याचं उत्तर लिहिते.

तीन वर्षांपूर्वी मला मधुमेह निघाला, टाईप दोनचा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ८.४ आली. खरं सांगते, मला रागच आला. कंदमूळ नाही, बाहेरचं खाणं नाही, सूर्यास्ताआधी जेवण, अष्टमी-चतुर्दशीला एकासन. मग मलाच का?

डॉक्टरांनी विचारलं, "चालता किती?" मी म्हटलं, "दिवसभर घरात राबतेच की." ते म्हणाले, "दमता, पण सलग चालत नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. या आजारात इन्सुलिन तयार होतं, पण शरीर त्याचं ऐकत नाही. स्नायू मात्र हलायला लागले की इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. एकदा चाललं की त्याचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वेग एवढाच, की शेजारणीशी बोलता यावं, पण भजन म्हणायला गेलं तर धाप लागावी. शिवाय आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. मी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते-बसते आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलते.

जेवणानंतर चाललं तर जेवणामुळे चढणारी साखर कमी चढते. आपलं जेवण तर दिवस असतानाच उरकतं. मग आपण काय करतो? आरतीची वेळ होईपर्यंत टीव्हीसमोर बसतो. मी त्या वेळात चालायला लागले.

आणि तिथेच मी चुकले. मार्गशीर्षातली गोष्ट. थंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्या दिवशी पाहुणे होते, घाईत अर्धीच भाकरी खाल्ली, गोळी मात्र रोजची घेतली. वर हुरूप आला म्हणून पाऊण तास चालले. घरी आले तर हातपाय थरथरत होते, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. मशीनवर साखर ५८. सत्तरच्या खाली गेली की लगेच काहीतरी गोड पोटात जावं लागतं. पण बाहेर अंधार पडला होता आणि माझा रात्रिभोजनत्यागाचा नियम बावीस वर्षांचा.

मी "नको, नको" म्हणत राहिले. सासूबाईंचा नियम माझ्याहून जुना. त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळली आणि भांडं माझ्या ओठाला लावलं. "आधी पी. प्रायश्चित्त जिवंत माणूस घेतं." पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा ८४ झाली होती. पण त्या रात्री मी फार रडले.

दुसऱ्या दिवशी आर्यिका माताजींच्या दर्शनाला जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला एक उपवास-बिपवास न देता जप दिला आणि औषध-पाण्याची सूट ठेवून नियम पुन्हा घ्यायला लावला. डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी कमी केली. साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायाम सुरू करण्याआधी आणि उपवास धरण्याआधी विचारायलाच हवं, हे मला तेव्हा कळलं. आता थंडीत मी पाच वाजता पोटभर जेवते, उजेडातच चालून येते आणि चालताना साखरेची पुडी कमरेला असते.

राहिले बूट. तपासणीत डॉक्टरांनी तळपायाला बारीक दोरा टेकवला, तर दोन ठिकाणी मला तो कळलाच नाही. अशा पायाला काटा टोचला तरी समजत नाही आणि जखम चिघळते. म्हणून कापडी बूट, चामड्याचे नाहीत. मंदिराच्या पायरीशी काढते आणि घरी आले की रोज रात्री तळपाय आरशात बघते.

पावसाळ्यात सासूबाई म्हणाल्या, "हिरवळीवरून नको गं, किती जीव असतात." ते पटलं. चातुर्मासात मी गच्चीवर फेऱ्या घालते. मुनिराज चार हात पुढची जमीन बघून चालतात, ती ईर्यासमिती. मी तशी चालायला लागल्यापासून मुंगीही वाचते आणि माझा पायही.

परवाची एचबीएवनसी ६.९ आली. गोळ्या पूर्ण सुटलेल्या नाहीत, आजार गेलेला नाही. पण सासूबाई आता माझ्याबरोबर गच्चीवर येतात. पाच फेऱ्या घालतात, मग कठड्याशी बसून माझ्या मोजतात. एखादी चुकवली तर लगेच ओरडतात.

तुमच्यापैकी कुणाला साखर असेल, तर लपवू नका. आणि नियम घेताना औषधाची सूट मागायला लाजू नका.