क्रीडांगणावरील पुत्रप्रेम

सामना पाहावयास जमलेल्या पालकांच्या घोळक्यांत कान देऊन उभें राहिलें, तर एक वाक्य हटकून ऐकूं येतें : "त्याचे वडीलच शिकवितात ना, मग तो बाहेर कसा बसेल ?" हें वाक्य आम्ही प्रथम ऐकिलें तेव्हां आम्हांस मोठा राग आला, कारण तें आमच्याच विषयीं होतें. आज तो राग उरला नाहीं. बोलणाराचें म्हणणें खरें होतें, हें आतां आम्हांस कळून चुकलें आहे. तें कसें कळलें, हेंच येथें सांगावयाचें आहे.

हॉकी शिकविणारे शिक्षक बदलून गेले आणि शाळेच्या संघास कोणी वाली उरला नाहीं. तरुणपणीं आम्ही कॉलेजच्या संघांत हाफ बॅक म्हणून खेळलों होतों. आमचे चिरंजीवही नुकतेच संघांत दाखल झाले होते. तेव्हां रोज सकाळीं तासभर मुलांस शिकविण्याचें काम आम्ही पत्करिलें. वेतन नव्हतें, कीर्तीची आशा नव्हती. म्हणून आपला हेतु शुद्ध आहे याविषयीं मनांत तिळमात्र शंका नव्हती. पक्षपाताचा प्रवेश होतो तो नेमका अशाच निःशंक मनांत.

हॉकींत एका वेळीं अकरा गडी मैदानावर असतात. पूर्वीं एकदां उतरलेले अकरा जण बहुधा शेवटपर्यंत खेळत. आजच्या नियमांप्रमाणें खेळ चालू असतांना गडी कितीही वेळां बदलतां येतात. त्यामुळें कोणास किती वेळ खेळावयास मिळावें, हें सर्वस्वीं शिकविणाराच्या हातीं असतें. पंचाची शिटी सर्वांस ऐकूं येते. पण बाकावर बसलेल्या मुलाकडे शिकविणारानें पाहिलेंच नाहीं, हें कोणासच ऐकूं येत नाहीं.

महाभारताच्या आदिपर्वांत एक कथा आहे. द्रोणाचार्य पाणी आणावयास इतर शिष्यांस अरुंद तोंडाचा कमंडलू देत आणि आपला पुत्र अश्वत्थामा यास रुंद तोंडाचा घडा देत. इतरांचीं भांडीं भरेपर्यंत अश्वत्थामा परत येई, आणि तेवढ्या वेळांत पिता त्यास अधिक विद्या शिकवी. अर्जुनानें हें ओळखिलें. वरुणास्त्रानें आपला कमंडलू भरून तोही अश्वत्थाम्याबरोबरच परतूं लागला. उत्तम क्रीडाशिक्षकांस आपल्या देशांत १९८५ पासून जो पुरस्कार देतात, तो याच आचार्यांच्या नांवाचा आहे. त्या नांवांतील गौरव सर्वांस ठाऊक असतो; घड्याची गोष्ट मात्र फारसा कोणी काढीत नाहीं.

आमच्या हातींही तसाच घडा होता. दुसऱ्या मुलाच्या काठीखालून चेंडू निसटला कीं आम्ही ओरडत असूं. चिरंजीवांच्या काठीखालून निसटला कीं "मैदान ओलें आहे" असें म्हणत असूं. पेनल्टी कॉर्नरचा फटका बहुधा त्यांच्याच वांट्यास येई. संघांत दुसरा एक मुलगा होता. त्याचे वडील रात्रपाळीस जात. त्यांस सामना पाहावयास येणें कधीं जमलें नाहीं. चेंडू अडविण्यांत आणि योग्य जागीं देण्यांत तो आमच्या मुलाहून सरस होता. हें आम्हांस दिसत नव्हतें असें नाहीं. परंतु "त्यास अजून अनुभव नाहीं" असें कारण आम्ही मनाशीं योजून ठेविलें होतें. तो अनुभव देणें आमच्याच हातीं आहे, हा विचार आम्ही जवळ येऊं दिला नाहीं.

आंतरशालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यांत आमच्या मुलानें अखेरच्या भागांत गोल केला आणि संघ जिंकला. घरीं परततांना आम्ही आनंदांत होतों. तो मात्र गप्प होता. कारण विचारतां तो म्हणाला, "बाबा, गोल मी केला, पण मुलें म्हणतात, तुझ्या बाबांनीं केला. मी खरोखर चांगला खेळतों कीं नाहीं, हें मला कळणार कसें ?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. याकोबानें लाडक्या योसेफास निराळा अंगरखा करून दिला. भावांचा द्वेष मात्र सोसावा लागला तो योसेफास. पक्षपातानें दुसऱ्याच्या मुलाचें नुकसान होतें, हें आम्ही जाणून होतों. आपल्या मुलाचेंही होतें, हें त्या दिवशीं समजलें.

मग आम्ही दुसरें टोक गांठलें. अंतिम सामन्यांत त्यास जवळजवळ सर्व वेळ बाहेर बसविलें. पालकांनीं आमच्या निःपक्षपाताची वाहवा केली. परंतु त्या दिवशीं तो खेळावयास हवा होता, हें आम्हांस ठाऊक होतें. पहिला अन्याय आम्ही मायेसाठीं केला होता, दुसरा आपल्या नांवासाठीं.

पुढील वर्षीं आम्ही निवडीचें काम शाळेंतील दोन शिक्षकांवर सोपविलें. एका वहींत प्रत्येक मुलाच्या खेळाच्या मिनिटांची नोंद ठेविली, आणि ती वही कोणाही पालकास पाहावयास मोकळी ठेविली. रात्रपाळीवाल्यांचा मुलगा सेंटर फॉरवर्ड झाला. आमचा मुलगा पूर्वीपेक्षां कमी वेळ खेळला. पण त्यानें गोल केला तेव्हां मुलांनीं त्याचेंच नांव घेतलें.

नातें हा कांहीं दोष नव्हे. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्यें ध्यानचंद आणि रूपसिंग हे सख्खे बंधु एकाच संघांत होते. अमेरिकेवर झालेल्या २४ गोलांपैकीं धाकट्यानें १० आणि थोरल्यानें ८ केले. पुढें १९७५ सालीं क्वालालंपूर येथें विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार यांनीं पाकिस्तानविरुद्ध विजयाचा गोल केला. तो गोल त्यांचा स्वतःचा होता.

विद्यार्थीमित्रहो, बाकावर बसावें लागल्यास कारण अवश्य विचारा, पण नम्रतेनें विचारा. आणि पालकबंधुभगिनींनो, आपल्या मुलास शिकविण्याचा योग आल्यास तें काम खुशाल पत्करा. मात्र सर्वांच्या हातीं सारख्याच तोंडाचें भांडें द्या.