मध्यरेषेच्या अलीकडे-पलीकडे

खेळ पाहून मनुष्य शहाणा होतो की वेडा, ह्याविषयी आमच्या घरात दोन मते आहेत. आमच्या सौभाग्यवतींचे मत दुसऱ्या बाजूचे आहे. आणि २०२३ सालच्या डिसेंबरातील पहिल्या शनिवार-रविवारी आमचे जे वर्तन झाले, त्याने त्यांच्या मताला बळकटीच आली, हे आम्ही प्रारंभीच कबूल करतो. तथापि त्या दोन दिवसांत थोडेसे शहाणपणही आमच्या पदरात पडले. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही राहतो सुरतेच्या डिंडोलीत. उधन्याला लागून असलेल्या ह्या वस्तीत मनुष्य डोळे मिटून चालला तर आपण धुळे-जळगावाकडे आहोत असेच त्याला वाटेल, इतकी अहिराणी कानांवर पडते. आमचे मूळ गाव साक्री तालुक्यातले. आमचे वडील, ज्यांना घरात सर्वजण आप्पा म्हणतात, ते १९७८ साली उधन्याच्या एका लूमच्या कारखान्यात कामाला लागले. आमचा जन्म सुरतेचा, आणि आमच्या मुलाचा तर डिंडोलीचाच. मुलगा बारा वर्षांचा आहे. गुजराती तो सफाईने बोलतो, मराठी घरापुरती बोलतो, आणि आप्पांची अहिराणी त्याला समजते, परंतु बोलण्याची लाज वाटते.

आप्पा तरुणपणी गावच्या संघातून हुतूतू खेळत असत. चवडा धरण्यात त्यांचा हात असा होता की, एकदा पाऊल त्यांच्या पंज्यात सापडले म्हणजे चढाईवाल्याने पुढचा विचार सोडून द्यावा. त्यामुळे २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा आमच्या घरात सणच आला. मातीच्या जागी गादी आली, तीस सेकंदांची चढाई आली, दिव्यांचा लखलखाट आला. आप्पांनी ह्या सर्वांना यथेच्छ नावे ठेविली आणि एकही सामना चुकविला नाही. त्यांचा संघ मुंबईचा, यू मुंबा. २०१५ साली अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली त्या संघाने विजेतेपद मिळविले, त्या रात्री आप्पांनी गल्लीत पेढे वाटले होते. पुढे २०१७ साली गुजरातचा संघ लीगमध्ये आला. पहिल्याच वर्षी तो अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि पाटण्याकडून हरला; दुसऱ्या वर्षी पुन्हा गेला आणि बंगळूरकडून हरला. मुलांचे मन हरणाऱ्या शूराकडे लवकर ओढ घेते. आमचा मुलगा तेव्हापासून गुजरातचा झाला, आणि एका घरात दोन झेंडे फडकू लागले.

हे सारे हसण्यावारी चालले होते. परंतु त्या शनिवारी, २ डिसेंबरला, मुलगा सायंकाळी खेळून परतला तो तोंड पाडून. गल्लीतल्या मुलांनी गुजरात आणि महाराष्ट्र असे दोन गट पाडून कबड्डी मांडली होती. हा गुजरातच्या बाजूला उभा राहिला, तेव्हा शेजारच्या सोसायटीतील एक मुलगा त्याला म्हणाला, ‘तू इकडे कसा? तू तर महाराष्ट्रवाला.’ म्हणून हा दुसऱ्या बाजूला गेला. तेथे उन्हाळ्याच्या सुटीत गावाकडून नुकताच येऊन राहिलेला एक पोरगा होता; त्याने ‘हा सुरतवाला’ म्हणून नाक मुरडले. शेवटी आमचे चिरंजीव रेषेच्या कडेला बसून गुण मोजीत राहिले. घरी आल्यावर त्याने आम्हांस विचारले, ‘पप्पा, आपण नक्की कोणाचे?’

आम्ही त्याला काहीतरी गोड उत्तर दिले. वाचकहो, गोड उत्तरे मुलांस बरोबर ओळखता येतात.

त्याच रात्री आठ वाजता अहमदाबादेत लीगच्या दहाव्या मोसमाचा पहिला सामना होता. गुजरातविरुद्ध हैदराबादचा तेलुगू संघ. तेलुगू संघाचा कर्णधार पवन सेहरावत, आणि गुजरातचा कर्णधार इराणचा फजल अत्राचली. ह्या दोन नावांचा इतिहास सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही. त्याच्या आठ आठवडे अगोदर, ७ ऑक्टोबरला, चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई खेळांचा अंतिम सामना झाला होता. भारताचा कर्णधार हाच पवन आणि इराणचा कर्णधार हाच फजल. १९९० पासून ओळीने सात सुवर्णपदके मिळविणाऱ्या भारताला २०१८ साली इराणने उपांत्य फेरीत हरविले होते, त्याचे शल्य होतेच. शेवटच्या मिनिटांत पवनच्या एका चढाईवरून असा वाद पेटला की, खेळ बराच वेळ थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. त्या दिवशी आप्पांनी फजलला जी विशेषणे लावली, ती ह्या कुटुंबपत्रात छापण्याजोगी नाहीत.

आता तोच फजल गुजरातचा सेनापती होऊन पवनसमोर उभा! आमचा मुलगा टाळ्या पिटू लागला. आप्पा म्हणाले, ‘हाऊ आपला शे का? दोन महिने झाले नाहीत, आणि शत्रूला डोक्यावर घेतोस?’

मुलाने मान न वळविता उत्तर दिले, ‘आप्पा, तो मुंबईचा कर्णधार होता तेव्हा तुम्हीच आपला फजल, आपला फजल करीत होता.’

घरात क्षणभर शांतता पसरली. कारण ते खरे होते. फजल यू मुंबाकडून अनेक मोसम खेळला, त्याचा कर्णधार झाला, पुढे पुण्याचाही कर्णधार झाला. लीगमध्ये सर्वाधिक पकडी करणारा खेळाडू म्हणून त्याचे नाव आहे. मुंबईच्या डाव्या कोपऱ्यावर तो छाती पुढे काढून उभा राही, तेव्हा त्याचे गाव कोणते हे आप्पांनी कधी विचारले नव्हते.

सामना गुजरातने ३८-३२ असा जिंकला. आमचे मत विचाराल तर, पवनने आपला वाटा उचलला, परंतु त्याच्या मागे संघ उभा नव्हता. त्याच्यासाठी लिलावात २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम मोजली गेली होती. एका चढाईपटूवर एवढा भार टाकला म्हणजे तो बाद होऊन बाहेर बसताच सातांचा संघ निराधार होतो. उलट गुजरातकडे सोनूच्या वेगवान चढाया होत्या आणि मागे पकडीची साखळी होती. घर एका कर्त्यावर चालत नाही, आणि संघही चालत नाही. पुढे त्या मोसमात तेलुगू संघ अवघे दोन सामने जिंकून तळाला राहिला, तेव्हा आमच्या मताचा आम्हांस थोडा अभिमानही वाटला.

नऊच्या सामन्यात यू मुंबाने उत्तर प्रदेशच्या योद्ध्यांना ३४-३१ असे हरविले. आप्पांचा चेहरा उजळला. परंतु त्या विजयाचा नायक कोण? अमीरमोहम्मद जफरदानेश, तोही इराणचा! मुलगा आजोबांकडे पाहून हळूच हसला. आप्पांनी दूरचित्रवाणी बंद केली आणि ‘झोपा आता, सकाळी मिस्साला जायचे आहे,’ असे फर्मान काढले.

रविवारी सौभाग्यवतींनी खानदेशी वांग्यांचे भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या. त्यांनी आम्हां कोणास न विचारता आणखी एक गोष्ट केली. ज्या मुलाने आमच्या मुलास ‘महाराष्ट्रवाला’ म्हटले होते, त्याला त्यांनी संध्याकाळी जेवायला बोलाविले. आम्ही त्याच्या वडिलांकडे तक्रार नेण्याच्या विचारात होतो. बायकांना अशा बाबतीत जवळचा रस्ता ठाऊक असतो.

तो आला, संकोचून बसला, भरिताच्या तिखटाने त्याच्या डोळ्यांत पाणी आले, आणि तरी त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतले. पहिल्या सामन्यात तमिळ थलैवाजने दिल्लीला ४२-३१ असे हरविले. त्यात एकट्या अजिंक्य पवारने २१ गुण घेतले. अजिंक्य महाराष्ट्राचा! आप्पा खुर्चीवरून अर्धे उठले. मद्रासचा संघ जिंकतो आहे आणि साक्रीचा म्हातारा टाळ्या वाजवितो आहे, हे पाहून दोन्ही मुले खो-खो हसली. नवीन कुमारवाचून दिल्लीला दुसरा आधार दिसला नाही, हे आमचे दुसरे मत. म्हणजे वस्तुतः पहिलेच मत पुन्हा एकदा.

नंतर गुजरातविरुद्ध बंगळूर. २०१९ च्या जानेवारीत ज्यांनी विजेतेपद हिरावले तेच हे बंगळूर. गुजरात प्रथम मागे पडला. दोन्ही मुले एका सतरंजीवर गुडघ्यांवर येऊन बसली होती. सोनूने पुन्हा गुण आणले, फजलच्या साथीदारांनी पाय घट्ट रोवले, आणि सामना ३४-३१ असा गुजरातच्या पदरात पडला. शेवटच्या शिट्टीला दोघांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकले. कालचा महाराष्ट्रवाला आणि कालचा टीकाकार, ह्यांत आता कोण कोण आहे हे ओळखणे कठीण होते.

त्या पाहुण्या मुलास सोडून आल्यावर आप्पा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आम्हांस आजवर न सांगितलेली एक हकीकत सांगितली. सुरतेत आल्याच्या पहिल्या वर्षी कारखान्यातील कामगारांचे दोन पाळ्यांमध्ये सामने लागले होते. दिवसपाळीच्या संघात एक कोपरा रिकामा होता. संघनायक अस्सल सुरती. त्याने विचारले, ‘पकडता आवडे छे?’ आप्पांना भाषा कळली नाही, प्रश्न कळला. ते जाऊन कोपऱ्यावर उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी किती पाय धरले ते त्यांना आता आठवत नाही. पण सामन्यानंतर ज्या खांद्यांवरून त्यांची मिरवणूक निघाली, त्या खांद्यांवरचा घामाचा वास आठवतो. ‘कोणी गाव विचारले नाही,’ आप्पा म्हणाले, आणि थोडे थांबून अहिराणीत म्हणाले, ‘जो जठे राबस, तो तठला शे.’ जो जेथे राबतो, तो तेथला.

मुलाला हे उत्तर पटलेले दिसले. आमचे उत्तर गोड होते. हे कष्टाचे होते.

परंतु परीक्षा व्हायची होतीच. मंगळवारी, ५ डिसेंबरला, खुद्द गुजरात आणि मुंबई समोरासमोर आले. आप्पा एका बाजूस, नातू दुसऱ्या बाजूस, आणि आम्ही दोहोंच्या मध्ये पंचासारखे. सामना अखेरपर्यंत कोणाचाच होईना. शेवटी गुजरातने तो ३९-३७ असा घेतला. मुलाने उडी मारली, पण ओरडला नाही. त्याने प्रथम आप्पांच्या तोंडाकडे पाहिले. आप्पांनी खिशातून दहाची नोट काढून त्याच्या हातावर ठेविली. ‘हरल्याचा दंड,’ ते म्हणाले. मुंबईवरचे त्यांचे प्रेम तसूभरही कमी झाले नव्हते, आणि मुलाने ते कमी करावे असेही म्हटले नाही.

मोसमाच्या अखेरीस, १ मार्च २०२४ रोजी, विजेतेपद पुण्याने मिळविले. गुजरात बाद फेरीत हरला होता. आमच्या मुलाने आप्पांसाठी स्वतःच्या पैशांतून पेढे आणले. आणि २०२५ च्या अंतिम सामन्यात पुणे ३१-२८ असे दिल्लीकडून हरले, तेव्हा दिल्लीच्या संघात कोण होता? फजल! ह्या वेळी आप्पा एवढेच म्हणाले, ‘असू दे. पोटासाठी फिरतो बिचारा.’

लीगमध्ये पैशाने माणसे विकत घेतली जातात, असा आक्षेप आम्ही ऐकतो, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. लिलावाचा शब्द माणसाच्या बाबतीत कानाला बरा लागत नाही. परंतु उधन्याच्या स्थानकावर जी माणसे दरसाल उतरतात, तीही भाकरीसाठीच घर सोडून आलेली असतात. भाकरीसाठी आलेला मनुष्य प्रामाणिकपणे राबला तर त्याला परका म्हणू नये, आणि त्याने आपले गाव मनात जपले तर त्याला कृतघ्नही म्हणू नये. कबड्डीचा खेळ तरी कोणा एकाचा कोठे आहे? हुतूतू महाराष्ट्राच्या मातीत वाढला खरा. परंतु १९२३ साली त्याचे नियम सुधारून अखिल भारतीय स्पर्धा भरविली ती बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने.

गावी जाताना आम्ही नवापूरला उतरतो आणि पुढे बसने साक्रीकडे जातो. ते स्थानक अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे. १९६० साली दोन राज्ये झाली तेव्हा सीमा त्याच्यामधून गेली, आणि फलाटावरील एका बाकाच्या मधोमध तिची खूण रंगविलेली आहे. गेल्या खेपेस आमचा मुलगा त्या खुणेवर मांडी घालून बसला आणि डब्यातली भाकरी खाऊ लागला. गाडी सुटून गेली होती, बसला अवकाश होता. आप्पा त्याच्या शेजारी महाराष्ट्रात बसले, आम्ही गुजरातेत बसलो, आणि भरिताचा डबा मध्ये ठेविला.