गवंड्याला बोलावण्याआधी

दिवाळीची रंगरंगोटी निघाली की आपल्याला हटकून नवे बेत सुचतात. "ही भिंत काढली तर स्वयंपाकघर केवढं ऐसपैस होईल!" "गच्चीवर एक खोली झाली तर मुलांच्या अभ्यासाची सोय होईल." मग यजमान म्हणतात, "घर आपलं, विचारायचं कोणाला?"

विचारायचं असतं, मैत्रिणींनो. मात्र प्रत्येक कामाला नाही. महाराष्ट्रात २०२० साली शहरांसाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली. आमचं जळगाव आणि सासरचं धुळे, दोन्हीकडे २००३ पासून महानगरपालिका आहे, आणि तिथे हीच नियमावली चालते. तिच्याप्रमाणे चुना-रंग, गिलावा, नवी फरशी, कौलं बदलणं, आतलं पार्टिशन, एखादी खिडकी-दार उघडणं किंवा बुजवणं, यांना परवानगी लागत नाही. मात्र घराच्या मजबुतीला धक्का लागता कामा नये. नवी खोली, वरचा मजला, पुढे काढलेली गॅलरी यांना मात्र परवानगी हवीच.

धुळ्याच्या जाऊबाईंना स्वयंपाकघराची भिंत काढायची होती. गवंडी म्हणाला, "वहिनी, दोन दिवसांत मोकळं करून देतो." मी म्हटलं, "आधी इंजिनिअरला दाखवा, चहा मी पाजते." त्यांनी पाहिलं तर भिंत नऊ इंची, आणि वरच्या स्लॅबचा भार तिच्यावरच. जुन्या घरांत कॉलम नसतात, भिंतीच भार पेलतात. साडेचार इंची भिंत बहुधा नुसता आडोसा असते, पण तेही जाणत्यानेच ठरवावं. जाऊबाई दोन दिवस रुसल्या. पण त्या स्लॅबवरच्या खोलीत सासूबाई झोपतात. भिंत राहिली, हे बरंच झालं. आपल्या खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरात तर भार लाकडी खांब-तुळयांवर असतो. वर नवं ओझं चढवण्याआधी तिथे दुप्पट सावध राहावं.

परवानगीचा अर्ज परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत जातो. मालकीचा उतारा, घरपट्टीची पावती आणि असला तर जुना मंजूर नकाशा काढून ठेवा. काम संपलं की भोगवटा प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका.

"आम्ही वाढीव खोलीची घरपट्टी भरतो की!" असं पुष्कळजणी म्हणतात. पण कर भरला म्हणून बांधकाम मंजूर होत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याने विनापरवाना बांधकाम पाडायची नोटीस येऊ शकते, दंडही होऊ शकतो. घर आपल्या नावावर असेल तर ती नोटीस आपल्याच नावाने येणार! पुढे घर विकताना, कर्ज काढताना बँकवालेही मंजूर नकाशा मागतात.

लक्षात ठेवायला सोपं आहे. नुसतं रूप बदलायचं असेल तर खुशाल बदला. भार वाढणार असेल किंवा जागा वाढणार असेल, तर आधी कागद, मग विटा. कागदाला थोडे दिवस जातील, पण सिमेंटची पोती तोवर दुकानातच राहू द्यावीत.